एस्तेरमावशींच्या घरी दोन्हीकडची माणसं

नाशिकच्या जेल रोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बैठं घर आहे. पुढं फरशीचं अंगण, अंगणात कढीपत्त्याचं झाड आणि पहाटेपासून पोळ्या भाजल्याचा वास. ते एस्तेर उजागरे यांचं घर. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते. त्यांचे यजमान नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. ते गेल्यावर मावशींनी डबे करायला सुरुवात केली. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी, इथं खोल्या घेऊन राहणारी मुलं त्यांच्याकडून डबा नेतात. स्वतःचं मूलबाळ नाही. ठेंगण्या, सावळ्या आणि बोलायला फटकळ. कुणी डबा न धुता परत केला तर शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्याची हजेरी घेतात. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा मला त्यांची भीतीच वाटायची.

आमच्याकडे तुरुंग म्हणजे पत्ता सांगायची खूण. जेलची भिंत संपली की डावीकडे वळा, एवढंच. त्या भिंतीआड माणसं राहतात आणि त्यांना भेटायला लांबून कुणी येत असेल, हे आमच्या मनातही येत नाही. मावशींच्याही येत नव्हतं. एकदा बाजारातून परतताना त्यांना बसथांब्यावर एक बाई दिसली. पेठकडची होती. मांडीवर तापानं फणफणलेलं तान्हं मूल. नवऱ्याला भेटायला आली होती, पण गाडी उशिरा पोचली आणि भेटीची वेळ टळून गेली. आता उद्यापर्यंत ती तिथंच बसून राहणार होती. मावशी तिच्यासमोरून पुढं गेल्या आणि मग परत फिरल्या.

"का फिरलात?" मी एकदा विचारलं होतं.

"मग काय करू? हातात भाजीची पिशवी होती, घर दोन मिनिटांवर होतं. आणि रात्री मला देवासमोर गुडघे टेकायचे होते. कुठल्या तोंडानं टेकले असते?"

मावशी ख्रिस्ती आहेत. रविवारी स्वच्छ पांढरी साडी नेसून चर्चला जातात, जेवणाआधी डोळे मिटून दोन शब्द पुटपुटतात. पण धर्माविषयी त्यांना कधी बोलताना ऐकलं नाही. ती पेठची बाई गेली, पुढच्या महिन्यात आपल्याबरोबर आणखी एकीला घेऊन आली. मग सुरगाण्याच्या, कळवणच्या, कुठल्या कुठल्या बायका येऊ लागल्या. तुरुंगासमोरचा चहावालाच त्यांना सांगायचा, "गल्लीत शिरा, पोळ्यांचा वास येईल, ते घर." बायका यायच्या, ओट्यावर जेवायच्या, पुढच्या खोलीत सतरंजीवर झोपायच्या. सकाळी आंघोळ करून, केस विंचरून नवऱ्याला भेटायला जायच्या. मावशी त्यांना आरसा द्यायच्या. "रडून सुजलेलं तोंड घेऊन जाऊ नकोस गं. तो आत बसून तेच आठवत राहील," म्हणायच्या. कुणाचा नवरा कशासाठी आत आहे, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

गल्लीनं हे सारं चालवून घेतलं. बायकाच होत्या, गरीब होत्या. पण तीनेक वर्षांपूर्वी सावळीरामबाबा आले आणि गल्लीचा सूर बदलला.

झालं असं की चहावाला स्वतः मावशींकडे आला. म्हणाला, "मावशी, एक म्हातारा सकाळपासून जेलच्या समोर उभा आहे. सुटलाय. रस्ता ओलांडत नाही की रिक्षात बसत नाही. कुठं जायचं विचारलं तर नुसता बघतो."

मावशी पीठ भरल्या हातांनी गेल्या. म्हातारा खरंच उभा होता. अंगावर धुतलेला सदरा, काखेत कापडाची पिशवी. समोरून वाहनं धावत होती आणि तो त्यांच्याकडे एखाद्या पुराकडे बघावं तसा बघत होता. मावशींनी त्याचं मनगट धरलं, हात दाखवत गाड्या थांबवल्या आणि त्याला रस्त्यापलीकडे घेऊन आल्या.

सावळीरामबाबांचं गाव चांदवडच्या पुढं. जन्मठेप भोगून सुटले होते. बायको ते आत असतानाच वारली, मूल नव्हतं. गावात जायची सोय नव्हती, कारण त्यांनी जो खून केला होता तो सख्ख्या धाकट्या भावाचा. शेताच्या बांधावरून भांडण झालं, हातात कुऱ्हाड होती. हे त्यांनी मावशींना पहिल्याच दिवशी जेवायच्या आधी सांगितलं. "हे ऐकून मंग वाढायचं का नाय ते ठरवा," म्हणाले.

मावशींनी ऐकलं. मग वाढलं.

बाबांना बाहेर राहणं जमत नव्हतं. दार नुसतं लोटलेलं असलं तरी ते दारासमोर उभे राहायचे, कुणीतरी येऊन उघडेल म्हणून. ताटाभोवती डाव्या हाताचं कुंपण करून भराभर जेवायचे. ऊन कललं की अंगणात येऊन उकिडवे बसायचे, तुरुंगातल्यासारखे मोजणीसाठी. मावशी आतून ओरडायच्या, "बाबा, मोजले मी. एकच आहात. उठा आता." तेव्हा ते उठायचे. हळूहळू ते लसूण सोलायला लागले, मेथी निवडायला लागले. पण नजरेला नजर देऊन कुणाशी बोलले नाहीत.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्या सासूबाई मालिनीताई सगळ्यांच्या वतीनं बोलायला गेल्या. मी त्यांच्यासोबत होते. सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत, बोलणं सरळ असतं.

"एस्तेरताई, बायका येत होत्या तोवर आम्ही काही म्हटलं नाही. पण हा खुनी माणूस आहे. गल्लीत लहान मुलं आहेत. आमची नात इरा शाळेतून एकटी येते. तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते ना," मावशी म्हणाल्या. "तो आला त्या रात्री मी आतून कडी लावून झोपले. झोप कसली, पडून राहिले. पण मालिनीताई, त्याला बाहेर काढलं तर तो जाईल कुठं? कुठल्यातरी गल्लीतच जाईल की. तिथंही इरा असेलच."

सासूबाईंना पटलं नव्हतं. उठताना म्हणाल्या, "नातेवाईक कुणी असतील ना त्याचे? त्यांना तरी भेटा."

मावशींना हे पटलं. मला म्हणाल्या, "संपदा, तुझी गाडी आहे. रविवारी येतेस का माझ्याबरोबर?" त्यांनी रविवारची उपासना चुकवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

गावात पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. कांद्याच्या चाळीपाशी एका माणसानं घर दाखवलं आणि आम्ही कशाला आलो ते कळताच तो निघून गेला. दारात एक बाई बसली होती. समोरच्या सुपात तांदूळ होते आणि ती ते बोटांनी चाचपत निवडत होती. ही लंकाबाई. मारल्या गेलेल्या भावाची, किसनची बायको.

मावशींनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आम्ही कोण, कुठून आलो, सावळीरामबाबा कुठं आहेत, त्यांना इथं घरात घेता येईल का. लंकाबाईंचे हात सुपात थांबले.

"त्यो जित्ता हाय?" त्या म्हणाल्या.

"आहे."

"मंग ऐका बाई. माझं पोर सहा-सात वर्साचं होतं. त्याच्या देखत झालं. ह्या अंगणात आणून ठिवलं होतं त्यांना. तुम्ही उभ्या हायेत ना, तिथंच. अन् तुम्ही मला म्हणता त्याला घरात घे?"

मावशी एक पाऊल मागं सरकल्या. उभ्या होत्या त्या जागेकडे त्यांनी पाहिलं आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. मला वाटलं, आता आम्ही निघू. मी गाडीची किल्ली हातात घेतलीही होती.

पण मावशी लंकाबाईंच्या समोर जमिनीवर बसल्या. सुपातले दोन खडे उचलून बाजूला टाकले. म्हणाल्या, "बाई, तुम्हाला खडे दिसत नाहीत का?"

लंकाबाईंनी तोंड फिरवलं. "धुरकट दिसतं. उजव्यानं तर काहीच नाय. पोरगा मनमाडला रेल्वेत हाय, त्याला नाय सांगितलं. सांगितलं तर तिकडं घेऊन जाईल. मग हे घर, हे रान कोण बघणार?"

"मोतीबिंदू आहे. नाशिकला धर्मादाय दवाखाना आहे, तिथं ऑपरेशन होतं. माझ्याबरोबर चला."

लंकाबाई हसल्या. "अन् ऱ्हाऊ कुठं? त्याच्याच शेजारी?"

"नाही. तुम्ही याल त्या दिवशी तो घरात नसेल. चर्चच्या मागं एक खोली आहे, तिथं त्याची सोय करते. घर तुमचं. तुम्ही जाईपर्यंत तो त्या गल्लीत पाऊल टाकणार नाही."

"का पण?" लंकाबाई एकदम ओरडल्या. "तुम्हाला काय मिळतं यातनं? मी त्याला माफ करावं म्हणून करता ना हे?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "ते मी तुमच्याकडे मागायला कोण? मी ते मागायला आले नव्हते, आणि आता त्याला घरात घ्या असंही म्हणणार नाही. तुमचे डोळे गेलेत म्हणून म्हणते."

परतीच्या वाटेवर चांदवडचा घाट मागं पडला. मग मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "संपदा, इतकी वर्षं मी मारणाऱ्यांच्या बायकांना जेवू घातलं. मेलेल्यांच्या बायका कुठं जातात, हे मला एकदाही सुचलं नाही गं."

त्या रडत होत्या. फटकळ, कुणाला न भिणारी ती बाई माझ्या शेजारी बसून पदरानं डोळे पुसत होती. मला तोवर वाटायचं की मावशींचं मन जेवढं मोठं व्हायचं तेवढं झालेलं आहे. ते त्या गाडीत माझ्यासमोर आणखी मोठं होत होतं, आणि ते होताना त्यांना दुखत होतं.

लंकाबाई येतील असं मला वाटलं नव्हतं. पण दिवाळीनंतर एके दिवशी मावशींच्या दारात रिक्षा थांबली. मुलगा त्यांना घेऊन आला होता. त्याला सगळे बंटी म्हणतात, अजूनही. रेल्वेत गँगमन आहे, रुंद खांद्यांचा, उन्हानं रापलेला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, "आईनं आता सांगितलं मला डोळ्यांचं. तुमच्यामुळं सांगितलं. पण तो माणूस इथं दिसला तर मी काय करीन मला माहीत नाही. आधीच सांगतो."

"बरं केलंस सांगितलंस," मावशी म्हणाल्या. "तो इथं नाही. आत ये, चहा घे."

सावळीरामबाबा आदल्या दिवशीच चर्चमागच्या खोलीत गेले होते. कोण येणार आहे हे ऐकल्यावर त्यांनी स्वतःच पिशवी भरली. जाताना मावशींना म्हणाले, "तिला लसणाची चटणी आवडायची. लसूण सोलून ठिवलाय."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आमच्या सासूबाई रोज सकाळी डोळ्यात औषध घालायला जायच्या, कारण मावशींचे हात तिखट-मिठाचे असायचे. त्या कशा जाऊ लागल्या ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. लंकाबाई डोळ्यांना काळा चष्मा लावून ओट्यावर बसायच्या. तुरुंगात भेटीला आलेल्या बायका त्यांच्या शेजारी येऊन बसायच्या. एकमेकींना गाव विचारायच्या, पीकपाणी विचारायच्या. एका संध्याकाळी कळवणची एक पोरसवदा बाई रडायला लागली. तिच्या नवऱ्यानंही कुणाचा तरी जीव घेतला होता. लंकाबाईंनी ते ऐकलं. मी अंगणात डबा घ्यायला उभी होते, मला वाटलं आता या उठून आत जातील. त्या उठल्या नाहीत. त्यांनी चाचपडत त्या पोरीचा हात शोधला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

परत जायच्या आदल्या दिवशी लंकाबाई मावशींना म्हणाल्या, "आता मला दिसतंय. त्याला बोलवा. मला बघायचंय."

मावशींनी पुन्हा पुन्हा विचारलं. बंटी आईला घ्यायला आलेला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "आई म्हणते तर बोलवा. मी भिंतीला टेकून उभा राहतो. हलणार नाही."

सावळीरामबाबा आले. अंगणाच्या फाटकापाशी थांबले. फाटक उघडंच होतं, तरी आत येईनात. मावशींनी जाऊन त्यांना मनगटाला धरून आत आणलं. लंकाबाई ओट्यावर होत्या. म्हातारा समोर येताच त्यांचा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. थोरल्या दिरासमोर ओढायचा असतो तसा. एवढं सगळं घडून गेल्यावरही हाताला ती सवय राहिली होती. ते बघून सावळीरामबाबा मटकन खाली बसले. मग फरशीला कपाळ टेकून पडून राहिले.

लंकाबाईंनी चष्मा काढला. खूप वेळ बघितलं.

"एवढासा झालाय," त्या शेवटी म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कळलं नाही. "मला वाटायचं केवढा तरी असंल. रोज डोळ्यांपुढं यायचा, केवढा तरी."

बाबा काहीतरी बोलत होते, फरशीत तोंड असल्यानं ऐकू येत नव्हतं. भावाचं नाव तेवढं कळत होतं.

"मी माफ केलं म्हणणार नाय," लंकाबाई म्हणाल्या. "माझ्याच्यानं ते व्हायचं नाय, अन् खोटं बोलायचं नाय मला. पण ऐक. तू मेल्यावर तुला बेवारस जाळायचं नाय. माझा बंटी येऊन अग्नी देईल. तुझ्यासाठी नाय. ह्यांचा तू भाऊ होता म्हणून."

मी बंटीकडे बघितलं. तो भिंतीला टेकलेला होता, दोन्ही तळवे मागं भिंतीला घट्ट लावून. तोंड लाल झालं होतं. आईनं त्याला विचारलं नव्हतं. मग त्यानं एकदा मान हलवली. होकाराची.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. मला वाटलं होतं त्या पुढं येतील, काहीतरी बोलतील. त्या आल्या नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, एखादा माणूस देवळात किंवा चर्चमध्ये उभा असतो तशा. नंतर मला म्हणाल्या, "मी हे मागितलं नव्हतं. मागायची हिंमतच नव्हती माझी."

सावळीरामबाबा त्यानंतर दीडेक वर्ष जगले. मावशींच्या घरीच. माणसांच्या डोळ्यांत बघू लागले, गल्लीतल्या पोरांना नावानं हाक मारू लागले. आमची इरा त्यांना शाळेतल्या गोष्टी सांगायची आणि सासूबाई खिडकीतून ऐकत असायच्या, आत बोलवायच्या नाहीत. उन्हाळ्यात बाबांना ताप आला, छातीत कफ साचला. दवाखान्यातून परत आणल्यावर मावशींनी त्यांचं सगळं केलं. अंग पुसलं, कूस बदलली, चमच्यानं पेज भरवली. एका सकाळी पेज घेऊन गेल्या तेव्हा बाबा गेलेले होते.

मावशींनी मनमाडला फोन केला. मी शेजारीच होते. पलीकडून बंटी म्हणाला, "निघतो. आईला घेऊन येतो."

दसकच्या घाटावर गोदावरीकाठी चिता रचली. गल्लीतले पुरुष होते, मावशींचा डबा नेणारी कारखान्यातली मुलं सुट्टी टाकून आली होती. बायकांत मावशी आणि लंकाबाई पुढं होत्या. सासूबाई आणि मी जरा मागं. बंटीनं आंघोळ केली, ओल्या अंगानं मडकं खांद्यावर घेतलं, फेरे घातले. ज्या माणसानं त्याच्या बापाला त्याच्या डोळ्यांदेखत मारलं, त्या माणसाला त्यानं अग्नी दिला. ज्वाळा वर गेल्या तरी तो चितेजवळून हलेना, तेव्हा कारखान्यातल्या एका मुलानं त्याला मागून धरलं.

थोड्या वेळानं तो मावशींपाशी आला. "मावशी, तुमच्यात अशा वेळी काय म्हणतात?"

"जे मनात येईल ते," त्या म्हणाल्या.

"मग म्हणा ना."

मावशींनी डोळे मिटले. नदीच्या वाऱ्यात त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "हे बापा, हा सावळीराम तुझा. ह्याच्या हातून गेला तो किसनही तुझाच. दोघं एकाच आईच्या पोटचे आहेत. दोघांनाही जवळ घे. आणि मागं राहिलेल्यांना जप."

किसनचं नाव ऐकताच लंकाबाईंनी मान वर केली. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या नवऱ्यासाठी असं मोठ्यानं काही मागितलं नसावं. त्या मावशींजवळ सरकल्या आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागल्या. ठेंगण्या मावशींना ते ओझं पेलवेना, पण त्या पाय रोवून उभ्या राहिल्या. आमच्या सासूबाई कुणालाही कधी हात जोडत नाहीत. त्या दिवशी घाटावर त्यांनी जोडलेले मी पाहिले. चितेला जोडले, नदीला जोडले की मावशींना, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.